जावास्क्रिप्टमधील घटना-हाताळणीची मांडणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वेबपृष्ठावरील बटण दाबले जाते, रकान्यात अक्षर उमटते, यादीतील एखादी ओळ निवडली जाते. वापरकर्त्याच्या अशा प्रत्येक कृतीची ब्राउझर एक ‘घटना’ म्हणून दखल घेतो आणि त्या घटनेसाठी नेमून दिलेले फंक्शन चालवतो. या फंक्शनला ‘हँडलर’ म्हटले जाते. पृष्ठ लहान असते तेव्हा हँडलर कुठे व कसे लिहिले आहेत याने फारसा फरक पडत नाही. परंतु पृष्ठाचे रूपांतर शेकडो घटकांच्या उपयोजनात झाले की हँडलरांची मांडणी हाच त्या उपयोजनाच्या देखभालीतील कळीचा प्रश्न बनतो. एका हँडलरने दुसऱ्याला नकळत पुसून टाकणे, काढून टाकलेल्या घटकाचा हँडलर स्मृतीत अडकून राहणे, तेच काम चार ठिकाणी चार तऱ्हांनी लिहिले जाणे, हे दोष या प्रश्नाच्या दुर्लक्षातूनच उद्भवतात.

जावास्क्रिप्टचा इतिहास सामान्यतः भाषेच्या वाढीचा किंवा ब्राउझर-कंपन्यांमधील स्पर्धेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हँडलर-मांडणीच्या अंगाने हा कालखंड पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. प्रस्तुत निबंधात ते रेखाटण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जावास्क्रिप्टमधील घटना-हाताळणीच्या मांडणीत १९९५ पासून झालेल्या बदलांचे टप्पे निश्चित करणे.
२) प्रत्येक बदलामागील तांत्रिक व व्यावहारिक कारणे शोधणे.
३) या बदलांतून टिकून राहिलेले तत्त्व कोणते, हे तपासणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

‘हँडलर कोठे लिहावा’ या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेले. ‘हँडलरने किती काम करावे’ या प्रश्नाचे उत्तर मात्र उत्तरोत्तर एकाच दिशेने स्थिर होत गेले, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धती अवलंबिली असून ब्राउझरांच्या आवृत्त्या, मानके आणि लायब्ररींच्या प्रसिद्ध आवृत्त्या यांचा कालक्रम आधारभूत मानला आहे. विवेचनाच्या सोयीसाठी एक उदाहरण सर्वत्र वापरले आहे : महाविद्यालयातील प्रवेश-अर्जांची यादी दाखवणारे पृष्ठ, त्यात शंभर ओळी आणि प्रत्येक ओळीत ‘मंजूर’ असे एक बटण.

१. पूर्वपीठिका

घटना-हाताळणीचा विचार वेबच्या आधीचा आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ट्रिग्वे रीनस्काउग या नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञाने १९७९ मध्ये स्मॉलटॉक प्रणालीसाठी ‘मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर’ ही त्रिविध विभागणी मांडली. माहिती मॉडेलकडे, तिचे दर्शन व्ह्यूकडे आणि माउस व कळफलकाकडून येणाऱ्या कृतींचा स्वीकार कंट्रोलरकडे, असे तिचे स्वरूप होते. वापरकर्त्याची कृती स्वीकारणे आणि त्या कृतीने होणारे काम करणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत, हा विचार येथे बीजरूपाने दिसतो.

दुसरा धागा अ‍ॅपल कंपनीच्या हायपरकार्डचा. बिल अ‍ॅटकिन्सन यांनी निर्माण केलेली ही प्रणाली १९८७ मध्ये बाजारात आली. तिच्यातील हायपरटॉक भाषेत बटणालाच त्याची आज्ञावली जोडलेली असे. बटणाने एखादा संदेश हाताळला नाही, तर तो कार्डाकडे, तेथून पार्श्वभूमीकडे आणि पुढे संपूर्ण कार्डसंचाकडे जाई. घटकाशी जोडलेला हँडलर आणि घटकाकडून वरच्या पातळीवर जाणारी घटना, ही वेबवरील दोन्ही वैशिष्ट्ये हायपरकार्डमध्ये अशा रीतीने आधीच अस्तित्वात होती.

२. पहिला टप्पा : खुणेतच हँडलर

ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत नव्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. मोका, लाइव्हस्क्रिप्ट अशी नावे बदलत डिसेंबर १९९५ मध्ये ती जावास्क्रिप्ट या नावाने जाहीर झाली आणि १९९६ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर २.० द्वारे सर्वांपर्यंत पोहोचली. ‘ऑनक्लिक’सारख्या हँडलर-नावांवर हायपरटॉकचा प्रभाव होता.

या टप्प्यात हँडलर एचटीएमएलच्या खुणेतच लिहिला जाई. बटणाच्या खुणेत ‘ऑनक्लिक’ हा गुणधर्म द्यायचा आणि त्याची किंमत म्हणून जावास्क्रिप्टची एक ओळ लिहायची, एवढीच ती रीत होती. त्या काळातील गरजेला ती पुरेशी होती. मोडेमच्या संथ जोडणीवर अर्ज सर्व्हरपर्यंत पाठवून चूक कळण्यापेक्षा ती ब्राउझरमध्येच पकडणे सोयीचे होते आणि एखाद्या अर्जात तपासण्याजोगे रकाने मोजकेच असत. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० मानकाने या गुणधर्मांना अधिकृत स्थान दिले.

मर्यादा उघड होण्यास वेळ लागला नाही. उदाहरणातील यादीत शंभर बटणांच्या खुणांमध्ये तीच ओळ शंभरदा लिहावी लागे आणि फंक्शनचे नाव बदलल्यास शंभर ठिकाणी दुरुस्ती करावी लागे. १९९६ मधील नॅव्हिगेटर ३.० ने हँडलर हा वस्तूचा गुणधर्म म्हणून जावास्क्रिप्टमधूनच नेमण्याची सोय दिली. त्यामुळे खूण मोकळी झाली. परंतु एका घटकाला एका घटनेसाठी एकच हँडलर नेमता येई आणि दुसरा नेमताच पहिला पुसला जाई. पृष्ठ पूर्ण उतरल्याची घटना दोन स्वतंत्र आज्ञावलींना हवी असल्यास नंतर आलेली आज्ञावली आधीच्या आज्ञावलीला निष्प्रभ करी, आणि तेही कोणतीही सूचना न देता.

३. दोन ब्राउझर, दोन दिशा आणि मानक

१९९७ मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर या दोहोंच्या चौथ्या आवृत्त्या आल्या आणि घटनेच्या प्रवासाची दिशा हाच वादाचा विषय झाला. नेटस्केपने बाहेरील घटकाला घटना आधी पकडण्याची संधी दिली. घटना दस्तऐवजाकडून आत बटणाकडे जाई. मायक्रोसॉफ्टच्या रचनेत ती बटणापासून सुरू होऊन पाण्यातील बुडबुड्याप्रमाणे वर दस्तऐवजाकडे जाई. घटनेचा तपशील हँडलरला पोहोचवण्याची रीतही भिन्न होती : नेटस्केप तो फंक्शनला देई, तर एक्सप्लोरर तो एका सार्वत्रिक वस्तूत ठेवी.

वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियमने नोव्हेंबर २००० मध्ये डॉमच्या दुसऱ्या पातळीचे घटनाविषयक मानक प्रसिद्ध केले. त्यात दोन्ही दिशा मान्य केल्या गेल्या. घटना प्रथम वरून खाली लक्ष्य घटकाकडे येते आणि मग खालून वर जाते. ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ या पद्धतीद्वारे एकाच घटकाला कितीही हँडलर नेमता येऊ लागले आणि हँडलर कोणत्या प्रवासात चालावा हेही सांगता येऊ लागले. दोन प्रतिस्पर्धी रचनांमधील तडजोड म्हणून जन्मलेले हे मानक पुढील सर्व मांडणींचा पाया ठरले.

इंटरनेट एक्सप्लोररने मात्र ‘अटॅचइव्हेंट’ ही आपली वेगळी पद्धत चालू ठेवली आणि मानक पद्धतीचा स्वीकार २०११ मध्ये, नवव्या आवृत्तीत केला. मधल्या दशकात प्रत्येक आज्ञावलीकाराला दोन पद्धतींचा सांधा जोडणारे स्वतःचे फंक्शन बाळगावे लागले. त्यात स्मृतिगळतीची भर पडली. घटकाने हँडलरला आणि हँडलरने घटकाला धरून ठेवले, तर इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये ती जोडी पृष्ठ सोडल्यावरही मोकळी होत नसे. पृष्ठातील वस्तू आणि जावास्क्रिप्टमधील वस्तू यांची स्मृती दोन वेगळ्या यंत्रणा सांभाळत आणि दोघींपैकी एकीलाही संपूर्ण वर्तुळ दिसत नसे. हँडलर नेमण्याइतकेच तो सोडवणेही मांडणीचे अंग आहे, हा धडा या दोषाने शिकवला.

४. वर्तनाची फारकत

एकविसाव्या शतकाच्या आरंभी वेबरचनाकारांमध्ये आशय, रूप आणि वर्तन यांच्या विभागणीचा आग्रह वाढला. आशय एचटीएमएलमध्ये, रूप सीएसएसमध्ये आणि वर्तन जावास्क्रिप्टच्या स्वतंत्र फाइलमध्ये असावे, हे तत्त्व स्टुअर्ट लँग्रिज यांनी २००२ मध्ये ‘अनऑब्ट्रुसिव्ह’ म्हणजे अडथळा न आणणारी जावास्क्रिप्ट या नावाने मांडले. खुणेत हँडलर लिहिणे आता दोष मानले जाऊ लागले. २००५ मध्ये बेन नोलन यांच्या ‘बिहेवियर’ या छोट्या लायब्ररीने सीएसएसच्या निवडसूत्रांवरून हँडलर नेमण्याची सोय दिली. रूप ज्या सूत्राने नेमले जाते त्याच सूत्राने वर्तनही नेमता येते, ही कल्पना तीत होती.

याच वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी ‘एजॅक्स’ ही संज्ञा रूढ केली. पृष्ठ न बदलता सर्व्हरशी संवाद साधणाऱ्या उपयोजनांची संख्या वाढली आणि त्यांतील हँडलरांचीही. पीटर-पॉल कॉख यांनी २००५ मध्ये ब्राउझरभेद झाकणाऱ्या ‘अ‍ॅडइव्हेंट’ फंक्शनसाठी स्पर्धा घेतली. ती जॉन रेसिग यांनी जिंकली. रेसिग यांचीच जेक्वेरी ही लायब्ररी जानेवारी २००६ मध्ये पुढे आली. तिच्या घटनाविषयक भागातील अनेक कल्पना डीन एडवर्ड्स यांच्या आज्ञावलीतून घेतलेल्या होत्या. निवडसूत्र लिहायचे आणि लगेच हँडलर नेमायचा, ही तिची शैली अल्पावधीत सर्वत्र पसरली.

तथापि या सोयीची दुसरी बाजूही होती. हँडलर खुणेतून बाहेर पडला खरा, परंतु पृष्ठ वाचणाऱ्याला ‘मंजूर’ बटण दाबल्यावर काय घडते हे खुणेवरून कळेनासे झाले. ते शोधण्यासाठी सर्व फाइलींमधील निवडसूत्रे धुंडाळावी लागत. रूपासाठी दिलेले वर्गनाव रचनाकाराने बदलले की हँडलर मुकाट्याने तुटे. जागेची फारकत झाली होती. जबाबदारीची फारकत अद्याप झालेली नव्हती.

५. घटनेचे प्रतिनिधित्व

शंभर बटणांना शंभर हँडलर नेमण्याऐवजी त्यांना सामावणाऱ्या यादीला एकच हँडलर नेमावा, वर येणारी घटना तेथे पकडावी आणि ती कोणत्या बटणापासून निघाली हे तपासून काम करावे, या पद्धतीला घटनेचे प्रतिनिधित्व म्हणतात. तिचे लाभ दोन. नेमणुका कमी होतात. आणि सर्व्हरकडून नंतर आलेल्या एकशे एकाव्या ओळीलाही तोच हँडलर आपोआप लागू होतो. एजॅक्सच्या काळात दुसरा लाभ अधिक मोलाचा होता, कारण यादी आता सतत बदलत होती.

जेक्वेरीच्या आवृत्त्यांत या पद्धतीचा विकास स्पष्ट दिसतो. जानेवारी २००९ मधील १.३ आवृत्तीत ‘लाइव्ह’ ही पद्धत आली. तिच्यात घटना थेट दस्तऐवजाच्या पातळीवर पकडली जाई. त्यामुळे ती वर पोहोचेपर्यंत तिला रोखण्याची वेळ निघून गेलेली असे. २०१० मधील १.४.२ आवृत्तीत मर्यादित क्षेत्रासाठी ‘डेलिगेट’ आली. नोव्हेंबर २०११ मधील १.७ आवृत्तीने ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ या जोडीत साऱ्या पद्धती एकवटल्या आणि २०१३ मधील १.९ आवृत्तीतून ‘लाइव्ह’ काढून टाकण्यात आली. चार वर्षांत एका सोयीचा उदय आणि अस्त झाला. घटना शक्य तितक्या जवळच्या सामाईक घटकावर पकडावी, हा संकेत त्यातून रूढ झाला.

६. हँडलरचे काम किती?

येथपर्यंतची सारी चर्चा हँडलर कोठे नेमावा याभोवती फिरत होती. हँडलरच्या पोटात काय असावे, हा प्रश्न मोठ्या उपयोजनांच्या अनुभवातून पुढे आला. निकोलस झकास यांनी २०१२ मधील ‘मेंटेनेबल जावास्क्रिप्ट’ या ग्रंथात दोन नियम नेमकेपणाने मांडले. उपयोजनाचे मूळ काम हँडलरपासून वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवावे. आणि घटनेची वस्तू त्या फंक्शनकडे जशीच्या तशी सोपवू नये, केवळ आवश्यक माहिती द्यावी.

उदाहरणातील पृष्ठावर याचा अर्थ असा. बटणाचा हँडलर अर्जाचा क्रमांक शोधेल आणि ‘अर्ज मंजूर करा’ या फंक्शनला तेवढा क्रमांक देईल. मंजुरीची नोंद, पात्रतेची तपासणी आणि पडद्यावरील बदल यांपैकी काहीही हँडलरमध्ये नसेल. उद्या निवडलेले सर्व अर्ज एकदम मंजूर करण्याची सोय हवी झाली, किंवा कळफलकावरून मंजुरी द्यायची झाली, तर मूळ फंक्शन तसेच वापरता येईल. त्याची चाचणी घेताना माउसची बनावट घटना रचावी लागणार नाही. पात्रतेचा नियम बदलला तर दुरुस्ती एकाच ठिकाणी होईल. एका वाटेने जुना नियम आणि दुसऱ्या वाटेने नवा, असा विसंवाद उद्भवणार नाही. प्रवेशासारख्या व्यवहारात हा विसंवाद केवळ तांत्रिक दोष राहत नाही. त्याचा भार अर्जदारावर पडतो.

हाच विचार ऑक्टोबर २०१० मध्ये जेरेमी अ‍ॅशकेनस यांच्या बॅकबोन या लायब्ररीने रचनेत उतरवला होता. तिच्या व्ह्यूमध्ये घटनांचा एक तक्ता असे : डावीकडे घटना व निवडसूत्र, उजवीकडे पद्धतीचे नाव. तक्ता वाचला की त्या भागाचे सारे वर्तन एका दृष्टिक्षेपात कळे. परंतु मॉडेलमधील बदल ऐकणारे व्ह्यू पडद्यावरून काढल्यानंतरही स्मृतीत राहून प्रतिसाद देत. डिसेंबर २०१२ मधील ०.९.९ आवृत्तीत आलेली ‘लिसनटू’ ही पद्धत या दोषावरचा उपाय होती. तिच्यामुळे व्ह्यूला आपण ऐकत असलेल्या सर्व गोष्टी एकदम सोडता येऊ लागल्या.

७. हँडलर पुन्हा मांडणीत

जॉर्डन वॉक यांनी निर्माण केलेली रिअ‍ॅक्ट ही लायब्ररी फेसबुकने मे २०१३ मध्ये सर्वांसाठी खुली केली. तिच्यात बटणाच्या खुणेसारख्या दिसणाऱ्या मजकुरातच ‘ऑनक्लिक’ लिहिले जाई. एका दशकाच्या फारकतीनंतर हँडलर खुणेत परतलेला पाहून अनेकांना ती पीछेहाट वाटली. अँग्युलरजेएस आणि २०१४ मधील व्ह्यू या चौकटींनीही हीच वाट धरली.

वस्तुतः साम्य केवळ बाह्य होते. १९९६ च्या खुणेत मजकुराची एक ओळ असे आणि ब्राउझर तिचे फंक्शन बनवी. रिअ‍ॅक्टमध्ये प्रत्यक्ष फंक्शनच दिले जाते. हा भेद सुरक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. आशय-सुरक्षा धोरण खुणेतील मजकूररूपी हँडलर चालू देत नाही, तोपर्यंत त्यास स्पष्ट परवानगी दिलेली नसते. रिअ‍ॅक्टचे हँडलर या बंदीत येत नाहीत. शिवाय आतून रिअ‍ॅक्टने प्रतिनिधित्वाचीच पद्धत वापरली होती. आरंभी घटना दस्तऐवजाच्या पातळीवर पकडल्या जात. ऑक्टोबर २०२० मधील १७ व्या आवृत्तीत ती जागा उपयोजनाच्या मूळ घटकावर आली, जेणेकरून एकाच पृष्ठावरील दोन आवृत्त्या किंवा जुनी जेक्वेरी यांचे परस्परांत खटके उडू नयेत. ‘लाइव्ह’च्या अस्तामागील कारणाशी याचे नाते स्पष्ट आहे.

हँडलर परतला, परंतु तो कृश होऊन परतला. फेसबुकवर न वाचलेल्या संदेशांची संख्या चुकीची दिसण्याचा दोष दुरुस्त करूनही वारंवार उद्भवे. या अनुभवाचा दाखला देत कंपनीच्या अभियंत्यांनी २०१४ मध्ये फ्लक्स ही रचना मांडली. तिच्यात हँडलर माहिती स्वतः बदलत नाही. ‘काय घडले’ याचे वर्णन करणारी एक कृती तो पुढे पाठवतो आणि बदल एका निश्चित ठिकाणी, एकाच दिशेने होतो. डॅन अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांच्या २०१५ मधील रिडक्सने ही रचना अधिक काटेकोर केली. रीनस्काउग यांच्या विभागणीतील कृती स्वीकारणे आणि काम करणे यांतील भेद अशा रीतीने नव्या नावाने पुन्हा अवतरला.

८. उपकरणाची घटना आणि हेतूची घटना

हँडलरने कोणती घटना ऐकावी, हाही मांडणीचाच भाग आहे. मे १९९९ मधील वेब-आशय सुगम्यतेच्या पहिल्या मार्गदर्शक सूचनांनीच उपकरणावर अवलंबून असलेल्या हँडलरांऐवजी तर्कसंगत हँडलर वापरण्यास सांगितले होते. माउसची कळ खाली जाण्याची घटना ऐकणारे बटण कळफलकावर विसंबणाऱ्या अंध वापरकर्त्याला बंद दारासारखे असते. खऱ्या बटणावरील ‘क्लिक’ ही घटना मात्र कळफलकावरूनही घडते. एखाद्या साध्या चौकोनाला बटणाचे रूप देऊन हँडलर जोडला, तर ही सोय नाहीशी होते.

मराठीत टंकलेखन करणाऱ्यांनाही हा भेद जाणवतो. ध्वन्यात्मक पद्धतीने लिहिताना दाबलेली कळ आणि उमटलेले अक्षर यांचे नाते एकास एक नसते; एका जोडाक्षरासाठी अनेक कळा लागतात. अँड्रॉइड फोनवरील क्रोममध्ये तर कळ दाबल्याच्या घटनेत बहुतेक वेळा २२९ हा एकच क्रमांक मिळतो. कळा मोजून रकाना तपासणारा हँडलर देवनागरीपुढे निरुपयोगी ठरतो. रकान्यातील मजकूर बदलल्याची ‘इनपुट’ ही घटना ऐकणारा हँडलर मात्र कोणत्याही लिपीत बरोबर चालतो.

निष्कर्ष

१) हँडलरची जागा खुणेतून स्वतंत्र फाइलीत आणि तेथून पुन्हा घटकाच्या मांडणीत अशी आलटूनपालटून बदलली. २०१८ मधील स्टिम्युलस आणि २०२० मधील एचटीएमएक्स यांनीही वर्तनाची नोंद एचटीएमएलमध्येच ठेवण्याचा पुरस्कार केला. यावरून जागेचा प्रश्न कायमचा सुटणारा नसून पृष्ठाच्या स्वरूपानुसार त्याचे उत्तर बदलते, असे दिसून येते.

२) हँडलरच्या कामाबाबत मात्र बॅकबोनचा तक्ता, झकास यांचे नियम, फ्लक्स आणि रिडक्स एकाच दिशेला निर्देश करतात. हँडलरने घटनेचा अर्थ लावावा आणि काम दुसऱ्याकडे सोपवावे. अभ्यासाचे गृहीतक अशा रीतीने सिद्ध होते.

३) नेमलेला हँडलर सोडवण्याची व्यवस्था नेमणुकीच्या वेळीच करणे आवश्यक आहे. २०२१ मध्ये प्रमुख ब्राउझरांनी ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ला थांबवण्याचा संकेत देण्याची सोय स्वीकारली, एका संकेताने अनेक हँडलर एकदम सोडवता येऊ लागले. इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळात उमगलेल्या गरजेला ब्राउझरांच्या पातळीवर मिळालेले हे उत्तर होय.

४) उपकरणाची घटना न ऐकता वापरकर्त्याचा हेतू सांगणारी घटना ऐकणारी मांडणी अधिक टिकाऊ तर ठरतेच, शिवाय ती अधिक लोकांना सामावून घेते. बटण कोणी, कशाने आणि कोणत्या लिपीत लिहिताना दाबले, यावर ‘अर्ज मंजूर झाला’ या गोष्टीचा अर्थ अवलंबून नसतो. हा अर्थ जपणे हेच हँडलर-मांडणीचे अंतिम प्रयोजन आहे.